फॉन्ट ‘इन्स्टॉल’ का करावा लागतो?

फॉन्ट डाउनलोड केला, फाइलवर दोनदा क्लिक केलं, ‘इन्स्टॉल’ दाबलं, झालं. एवढ्याशा कामाला कसली आलीय पार्श्वभूमी, असं वाटणं साहजिक आहे. पण या कामात काही प्रश्न अडतातच. एकाच फॉन्टच्या टीटीएफ आणि ओटीएफ अशा दोन फाइली कशाला? फोटो किंवा गाणं डिस्कवर ठेवलं की उघडतं, मग फॉन्टच रीतसर ‘बसवावा’ का लागतो? आणि त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड का मागतात? अक्षरांचे आकार कुणाच्या ताब्यात राहायचे यावरून प्रिंटर बनवणारे, प्रोग्रॅम लिहिणारे आणि ऑपरेटिंग सिस्टिमवाले यांच्यात जी ओढाताण झाली, तिच्यात या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सापडतात.

सुरुवातीला फॉन्ट संगणकात नसायचाच. तो प्रिंटरात असायचा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या चिपमध्ये अक्षरं आधीच भरलेली असत. संगणक फक्त अक्षराचा क्रमांक पाठवायचा, ते कसं दिसेल ते प्रिंटर ठरवायचा. १९८४मध्ये एचपीचा लेझरजेट आला, त्याला फॉन्टच्या कार्ट्रिजसाठी खाच होती. नवा फॉन्ट हवा असेल तर कार्ट्रिज विकत आणून त्या खाचेत खोचायची. लेझरजेट प्लसमध्ये संगणकाकडून प्रिंटरच्या मेमरीत फॉन्ट पाठवायची सोय झाली, पण प्रिंटर बंद केला की तो पुसला जायचा. पडद्यावर या सगळ्याचा मागमूस नसे. तिथे एकच ठोकळेबाज अक्षर, आणि छापून आल्यावर काय ते कळायचं.

त्याच वर्षी जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश आला आणि फॉन्ट पडद्यावर आला. शिकागो, जिनिव्हा, न्यूयॉर्क, मोनॅको ही सुझन केअर यांनी ठिपका-ठिपका जोडून काढलेली अक्षरं होती. प्रत्येक आकारमानासाठी वेगळं चित्र. १२ पॉइंटचं चित्र असेल आणि तुम्ही १७ पॉइंट मागितलेत, तर अक्षरांना पायऱ्या पडायच्या. हे फॉन्ट सुट्या फाइलींमध्ये नव्हते, ‘सिस्टिम’ नावाच्या एकाच फाइलच्या पोटात होते. नवा फॉन्ट आत घालायचा किंवा जुना काढायचा तर ‘फॉन्ट/डीए मूव्हर’ हा खास प्रोग्रॅम लागे. काढायची वेळ अनेकदा येई, कारण फ्लॉपीची क्षमता ४०० केबी आणि तीवर सिस्टिम, प्रोग्रॅम, कागदपत्रं सगळंच.

एक गंमत याच काळातली. मॅक फॉन्टला नावाने कमी आणि क्रमांकाने जास्त ओळखायचा, आणि क्रमांक होते ० ते २५५. फॉन्ट बनवणारे वाढले तसे दोन फॉन्ट एकाच क्रमांकावर हक्क सांगू लागले. मग मूव्हर नव्या फॉन्टला गुपचूप दुसरा क्रमांक द्यायचा. तुमच्या मशीनवर सगळं ठीक, पण तीच फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये! फॉन्ट संगणकात आला की तो सगळ्या संगणकांवर सारखा असायला हवा, ही अडचण इथे पहिल्यांदा नीट दिसली. ती आजही पूर्ण सुटलेली नाही.

यानंतर खरी मोठी उडी मारली ॲडोबीने. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२मध्ये काढलेल्या या कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा १९८५च्या ॲपल लेझररायटर या प्रिंटरमध्ये बसली. आता अक्षर ठिपक्यांनी बनलेलं नव्हतं, वक्ररेषांच्या गणिताने लिहिलेलं होतं. त्यामुळे ते कितीही मोठं केलं तरी कडा गुळगुळीत राहायच्या. लेझररायटरमध्ये टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरिअर आणि सिम्बॉल मिळून १३ फॉन्ट होते. पुढचे फॉन्ट ॲडोबी ‘टाइप १’ या प्रकारात विकायची. लहान आकारातही अक्षर स्वच्छ दिसावं म्हणून त्यात खास सूचना भरलेल्या असत. त्या कशा भरायच्या हे ॲडोबीने गुप्त ठेवलं होतं, शिवाय फाइलही सांकेतिक रूपात असे. इतरांनी फॉन्ट बनवायचे तर ‘टाइप ३’ या दुय्यम प्रकारात बनवावेत, असा एकूण मामला.

घरच्या वापरणाऱ्याच्या दृष्टीने टाइप १चं दुखणं वेगळंच होतं. फॉन्ट जोडीने यायचा. विंडोजवर पीएफबी फाइलमध्ये आकार आणि पीएफएम फाइलमध्ये अक्षरांच्या रुंद्या. मॅकवर प्रिंटरसाठी एक फाइल आणि पडद्यासाठी ठिपक्यांच्या चित्रांची दुसरी. जोडीतली एक हरवली की पडद्यावर दिसणारा फॉन्ट छापता येत नसे, नाहीतर हातात फाइल असूनही तो यादीत येत नसे. पुढे ‘ॲडोबी टाइप मॅनेजर’ आला आणि तेच वक्र पडद्यावरही काढू लागला. अर्थात हा प्रोग्रॅमही आधी बसवावा लागायचा. फॉन्ट बसवण्यासाठी आधी फॉन्ट बसवणारा बसवा!

ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनाही हे खुपत होतं. आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममधली अक्षरं दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर का चालावीत? ॲपलमध्ये सांपो कासिला यांनी अक्षराकृतींचं नवं तंत्र तयार केलं होतं. सप्टेंबर १९८९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या सीबोल्ड या प्रकाशन-तंत्राच्या परिषदेत दोन्ही कंपन्यांनी हातमिळवणी जाहीर केली. ॲपल फॉन्टचं तंत्र देणार, मायक्रोसॉफ्ट पोस्टस्क्रिप्टला पर्याय देणार. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोघांना एकत्र आणण्याचं श्रेय द्यायचं तर ते ॲडोबीलाच द्यावं लागेल. वॉर्नॉक त्याच व्यासपीठावर होते आणि त्यांचा संताप लपला नाही. पण परिणाम लगेच दिसला. ॲडोबीने १९९०मध्ये टाइप १ची संपूर्ण रचना जाहीर करून टाकली.

ॲपलचं ते तंत्र म्हणजे ट्रूटाइप. १९९१मध्ये ते मॅकच्या सिस्टिम ७मध्ये आलं आणि एप्रिल १९९२मध्ये विंडोज ३.१मध्ये. एरिअल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरिअर न्यू यांचे चार-चार प्रकार, शिवाय सिम्बॉल आणि विंगडिंग्ज, असे १४ फॉन्ट विंडोजसोबत फुकट मिळाले. फाइल एकच, पडद्यालाही तीच आणि प्रिंटरलाही तीच. वेगळा मॅनेजर नको. ‘फॉन्ट इन्स्टॉल करणं’ हे घरच्या संगणकावरचं काम झालं ते तेव्हापासून, असं माझं मत आहे. त्याआधी तो छपाईवाल्यांचा उद्योग होता.

विंडोज ३.१मध्ये इन्स्टॉल म्हणजे नेमकं काय घडायचं ते बघण्यासारखं आहे. कंट्रोल पॅनलमध्ये ‘फॉन्ट्स’ उघडायचं, ‘ॲड’ दाबायचं, डाव्या-उजव्या चौकटींतून ड्राइव्ह आणि फोल्डर निवडायचा. मग विंडोज टीटीएफ फाइलच्या जोडीला एफओटी नावाची एक चिमुकली फाइल तयार करायची. तिच्यात खरा फॉन्ट कुठे आहे याचा पत्ता असायचा. शेवटी विन डॉट आयएनआय या फाइलमध्ये त्या फॉन्टच्या नावाची एक ओळ. संगणक सुरू होताना विंडोज ती यादी वाचायचं आणि सगळ्या प्रोग्रॅमना सांगायचं की हे हे फॉन्ट हजर आहेत. फोटोपेक्षा फॉन्ट वेगळा तो इथे. फोटो उघडणारा प्रोग्रॅम एकच असतो, तर फॉन्ट कोणत्याही प्रोग्रॅमला कधीही लागू शकतो. म्हणून मध्यवर्ती नोंदवहीत त्याचं नाव चढवावं लागतं. त्या नोंदीलाच आपण इन्स्टॉल म्हणतो.

विंडोज ९५ने ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या माहितीसाठ्यात नेली आणि ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर दिला. फाइल त्यात टाकली की नोंद आपोआप. मॅकवर असाच फोल्डर १९९२च्या सिस्टिम ७.१पासून होता. ड्राइव्ह-फोल्डरच्या चौकटींची ती जुनी खिडकी मात्र विंडोजमधून लवकर गेली नाही. आतलं सगळं बदललं तरी ती ३.१च्या थाटात थेट व्हिस्टापर्यंत टिकून होती.

मग सीडींचा काळ आला. चित्रं काढायच्या प्रोग्रॅमबरोबर शेकडो फॉन्ट मिळू लागले आणि लोकांनी ते सगळेच्या सगळे बसवले. मॅकच्या फॉन्ट फोल्डरात १२८पेक्षा जास्त फाइली चालत नसत. विंडोज ९५चीही मजल हजाराच्या आसपासच, आणि त्याच्या कितीतरी आधी संगणक रांगत सुरू व्हायचा. ‘फॉन्ट जास्त झाले की मशीन स्लो होतं’ ही समजूत तिथली. आजच्या संगणकांना ती फारशी लागू नाही, फॉन्टची यादी लांबलचक होते एवढाच त्रास.

देवनागरीचा प्रवास याच काळात वेगळ्या वाटेने चालला होता. तेव्हाच्या फॉन्टमध्ये फार तर २५६ घरं, आणि ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांची. मग देवनागरीचे तुकडे त्याच घरांत बसवले गेले. कृतीदेव फॉन्टमध्ये ‘हिंदी’ हा शब्द संगणकाच्या लेखी एफ, जी, ए, एन, एच अशी पाच रोमन अक्षरं असतो. त्यातही एफ म्हणजे पहिली वेलांटी, आणि ती ‘ह’च्या आधी, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ही रोमन अक्षरं उघडी पडायची. दुसऱ्या कंपनीचा देवनागरी फॉन्ट लावला तर वेगळाच घोळ, कारण प्रत्येकाची घरं निराळी. फॉन्ट इथे नुसतं रूप नव्हता, मजकुराचा अर्थच त्याच्यावर टांगलेला होता.

यातून वाट निघाली ती दोन गोष्टी जुळल्यावर. १९९१च्या युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सामायिक यादीने, देवनागरी वर्णांना स्वतःचे क्रमांक दिले. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी या कालच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ओपनटाइप जाहीर केलं. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ ओळीने आले की ‘क्ष’चा आकार काढ, अशा सूचना फॉन्टच्याच आत लिहायची सोय त्यात आहे. पण त्या सूचना पाळणारं यंत्र ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हवं. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ते २००० या आवृत्तीपासून आलं, मंगल फॉन्टसकट. एक्सपीमध्ये तर भाषांच्या पर्यायांत जाऊन खूण करावी लागे आणि विंडोजची सीडी घालावी लागे. ते न करता नुसता युनिकोड फॉन्ट बसवला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली दिसत, आणि दोष बिचाऱ्या फॉन्टला जायचा.

टीटीएफ आणि ओटीएफचा प्रश्नही इथेच सुटतो. ओपनटाइपच्या पोटात वक्र ट्रूटाइप पद्धतीचे असू शकतात किंवा ॲडोबीच्या पद्धतीचे. पहिल्या प्रकाराला बहुधा टीटीएफ असं शेपूट लागतं, दुसऱ्याला ओटीएफ. जोडाक्षरांच्या सूचना दोन्हींत असू शकतात. दोन्ही फाइली एकदम बसवण्यात काही अर्थ नाही, उलट एकाच नावाचे दोन फॉन्ट एकमेकांच्या पायात येतात.

राहिला पासवर्ड. फॉन्टमध्ये नुसती चित्रं नसतात. ट्रूटाइपमध्ये तर अक्षर ठिपक्यांवर नीट बसवण्यासाठी छोटे प्रोग्रॅमच लिहिलेले असतात आणि ते संगणकाला चालवावे लागतात. वेग मिळावा म्हणून विंडोज एनटी ४ने १९९६मध्ये चित्रं आणि अक्षरं काढण्याचं काम सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये नेलं. त्याची किंमत २०११मध्ये कळली. डुकू हा हेरगिरीचा प्रोग्रॅम वर्डच्या फाइलमध्ये दडवलेल्या एका ट्रूटाइप फॉन्टमधून थेट कर्नलमध्ये शिरत होता. त्या फॉन्टला कुणी इन्स्टॉल करण्याचीही गरज नव्हती, फाइल उघडली की पुरे. मायक्रोसॉफ्टने ते भोक डिसेंबर २०११मध्ये बुजवलं. फॉन्ट वाचण्याचं काम कर्नलबाहेरच्या, हातपाय बांधलेल्या प्रक्रियेत गेलं ते मात्र विंडोज १०मध्ये.

तरीही विंडोजवर बराच काळ फॉन्ट बसवायला ॲडमिनच लागत असे, कारण फॉन्ट्स फोल्डर सगळ्यांचा सामायिक. लिनक्सवर प्रत्येकाच्या होम फोल्डरात फॉन्ट ठेवायची सोय बरीच आधी होती, मॅक ओएस एक्समध्येही होती. विंडोजने ती २०१८च्या अखेरीस, विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीत दिली. तेव्हापासून साधं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. काही जुने प्रोग्रॅम अजून सामायिक फोल्डरातच बघतात, त्यामुळे नुकताच बसवलेला फॉन्ट त्यांच्या यादीत येत नाही. अशा वेळी फाइलवर राइट क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडायचा. पासवर्ड तेव्हा मागितला जातो.