जेरुसलेमचे दोन तह: 1192चा आणि 1229चा

क्रुसेडांचा, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात झालेल्या धर्मयुद्धांचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दिन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांनी समजुतीने जेरुसलेम वाटून घेतलं. असं काहीही झालं नाही. वाटणी झाली ती 1229 मध्ये, आणि तोवर हे दोघेही कधीच वारले होते.

1192चा तह बहुतेकांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यात. 1187 मध्ये सलाउद्दिनने जिंकलेलं शहर सोडवायला रिचर्ड आला, जवळ पोचला आणि वेढा न घालताच मागे फिरला. तहाने टायर ते जाफा ही किनारपट्टी ख्रिस्ती राज्याकडे राहिली, जेरुसलेम सलाउद्दिनकडे राहिलं, आणि नि:शस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना दर्शनाची मोकळीक मिळाली. रिचर्ड स्वतः शहरात गेलाच नाही.

सगळा घोळ या मोकळिकीपाशी होतो. दर्शनाला येऊ देणं वेगळं आणि राज्य सोडणं वेगळं. सलाउद्दिनने यात्रेकरूंना वाट दिली. शहर कुणाचं, हा प्रश्न 1187 मध्येच तलवारीने निकालात निघाला होता आणि त्याने तो पुन्हा उघडू दिला नाही.

1229 मध्ये नेमका तोच प्रश्न वाटाघाटीला आला. एका बाजूला पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक, दुसऱ्या बाजूला इजिप्तचा सुलतान अल-कामिल, म्हणजे सलाउद्दिनचा पुतण्या. जेरुसलेमसाठी लढाई न होता दहा वर्षांच्या मुदतीने ठरलं की जेरुसलेम, बेथलेहेम आणि नाझरेथ ख्रिस्त्यांकडे जावं. पण जेरुसलेममधलं हरम अल-शरीफचं पवित्र आवार, तिथला खडकावरचा घुमट (डोम ऑफ द रॉक) आणि अल-अक्सा मशिदीसकट, मुसलमानांच्याच ताब्यात राहावं. तिथल्या मुसलमानांचा काझीही त्यांचाच. शहरावर राज्य एकाचं, त्याच शहरातल्या पवित्र आवारावर हक्क दुसऱ्याचा. 1192च्या तहात असं एकही कलम नाही.

याला सहिष्णुतेचा विजय म्हणतात तेही मला पटत नाही. अल-कामिलचा दमास्कसवरून पुतण्याशी झगडा चालू होता, त्याला दुसरी आघाडी परवडत नव्हती. फ्रेडरिकला पोपने बहिष्कृत केलेलं, फौज तुटपुंजी, आणि मागे इटलीत त्याच्याच राज्यावर पोपचं सैन्य चालून गेलेलं. दोघेही अडलेले होते. तरीही मी हा तह 1192च्या तहाच्या वर ठेवतो. मनं साफ व्हायची वाट पाहत बसलं असतं तर आणखी रक्तच सांडलं असतं. राज्याचा हक्क आणि प्रार्थनेचा हक्क वेगवेगळ्या हातांत राहू शकतात, हे या दोघांनी लेखी कबूल केलं, ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या लोकांना मात्र दोघांनीही विश्वासात घेतलं नव्हतं. जेरुसलेमच्या लॅटिन (म्हणजे रोमन कॅथलिक) धर्मप्रमुखाने फ्रेडरिक आला म्हणून शहरातल्या धर्मविधींवरच बंदी घातली. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत शहर गेल्याचा शोक करणारं प्रवचन झालं. आणि ज्या ज्यूंचं हे शहर या दोन्ही धर्मांच्या आधीपासून पवित्र स्थान, त्यांना दोन्ही तहांत कुणी पक्ष मानलंच नाही. 1192 आणि 1229 मधलं हे साम्य मात्र खरं आहे.

मुदत 1239 मध्ये संपली आणि त्याच वर्षी दमास्कसवरून अल-कामिलशी भांडलेल्या पुतण्याने, अल-नासिर दाऊदने, जेरुसलेम घेतलं.