मैफलीचे ध्वनिमुद्रण आणि मिश्रण

श्रोत्यांसमोर चाललेल्या गायन-वादनाचे निरनिराळ्या माइकांनी टिपलेले आवाज प्रमाणात बसवून त्यांतून एकसंध मुद्रण सिद्ध करणे, याला मैफलीचे मिश्रण म्हणतात. एकाच कार्यक्रमाची दोन मुद्रणे क्वचितच सारखी ऐकू येतात. दोष बहुधा यंत्रांना दिला जातो. खरा फरक मिश्रण कोणाच्या कानांसाठी केले होते, यात असतो.

मिक्सरवर, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्रावर, बसलेला ध्वनिसंयोजक समोरच्या प्रेक्षकांसाठी काम करतो. जे वाद्य मंचावरून आपसूक पोहोचते, ते तो स्पीकरमधून कमी सोडतो. नागपुरात सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या बंदिस्त जागेत वाद्यवृंदाच्या ढोलकीला आणि ड्रमला फारसा आधार लागत नाही, गळ्याला लागतो. म्हणून मिक्सरवरून थेट काढलेल्या मुद्रणात गायक अंगावर आल्यासारखा, ढोलकी कुठेतरी मागे आणि टाळ्या जवळजवळ नाहीतच, असा प्रकार होतो. सभागृहात मात्र तोल चोख असतो. कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या मैदानावर प्रत्येक वाद्य स्पीकरमधूनच द्यावे लागते. त्यामुळे तिथले थेट मुद्रण उलट अधिक समतोल निघते.

यावरचा खरा उपाय खर्चिक आहे. प्रत्येक माइकचा आवाज मंचावरच दुभंगून एक शाखा सभागृहाच्या मिक्सरला व दुसरी स्वतंत्र मुद्रणयंत्राला देतात. सगळे ट्रॅक, म्हणजे एकेका माइकची मुद्रणे, वेगवेगळे राहतात आणि मिश्रण नंतर स्टुडिओत निवांत करता येते. तरीही बैठकीच्या मैफलीत ट्रॅक पूर्ण सुटे होत नाहीत. तबला गायकाच्या माइकमध्ये शिरतोच, त्यामुळे गळा वाढवला की तबलाही वर येतो. उन्हाळ्यात कूलरची घरघर त्यात भर घालते. खालचे स्वर छाटून ती कमी करावी, तर डग्ग्याचा भरीवपणाही जातो.

वातावरण जिवंत वाटावे म्हणून प्रेक्षकांकडे तोंड केलेले माइक लावतात. ध्वनीला ३५ मीटर जायला सुमारे ०.१ सेकंद लागतो. मंचापासून दूर लावलेल्या अशा माइकांचे ट्रॅक मिश्रण करताना तेवढ्या वेळाने अलीकडे सरकवून जुळवले नाहीत, तर तबल्याचा प्रत्येक बोल दुहेरी ऐकू येतो. ध्वनीचा वेग ३५° से.ला सेकंदाला सुमारे ३५२ मीटर, तर १५° से.ला ३४० मीटर असतो. हिवाळ्यात सायंकाळी सुरू झालेल्या मैदानी कार्यक्रमात रात्रीपर्यंत पारा बराच उतरतो, तेव्हा सुरुवातीची जुळणी शेवटपर्यंत तंतोतंत टिकत नाही. शिवाय आवाजाची चाचणी रिकाम्या सभागृहात होते. प्रेक्षक, त्यातही स्वेटर-शाली घेतलेले, वरच्या पट्टीचे ध्वनी शोषतात. त्यामुळे पहिले एखाद-दुसरे गाणे तोल सावरण्यातच जाते, आणि थेट मुद्रणात ही धडपड तशीच राहते.

मोबाइलवरच्या मुद्रणाची तऱ्हा आणखी निराळी. फोन आवाजाची पातळी आपोआप बदलतो. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा जोरकस तुकडा, दबते आणि लगेचच्या शांततेत शेजारच्या मावशींची कुजबुज मैफलीइतकी मोठी होते. जागेचा खरा घुमारा मात्र अशा मुद्रणात मिक्सरवरल्यापेक्षा अधिक सापडतो, हे मान्य करावे लागते.

प्रकाशित मुद्रणांत संपादनही असते. दोन प्रयोगांतले उत्तम भाग जोडले जातात, कधी बेसूर गेलेली ओळ नंतर स्टुडिओत गाऊन बसवली जाते. वेष्टनावर त्याचा उल्लेख क्वचितच असतो.