पिन, स्पिन आणि हवेचा झोत

तोंडासमोर पातळ कागद धरून एखाद्या इंग्रज माणसाला ‘पिन’ म्हणायला सांगा. कागद फडफडेल. मग त्याच माणसाला ‘स्पिन’ म्हणायला सांगा. कागद जवळजवळ हलणार नाही. स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे ‘पी’ आहे, बोलणाऱ्याच्या मते आवाजही एकच आहे. तोंडातून मात्र दोन वेगळे ध्वनी बाहेर पडले. कोणी दाखवून दिल्याशिवाय त्याला हे सहसा कळतही नाही.

आपल्याला कळायला हरकत नाही, कारण मराठीत याच फरकाने अर्थ बदलतो: काल आणि खाल, ताट आणि थाट. शाळेत आपण अल्पप्राण-महाप्राण म्हणून जे पाठ केलं ते हेच. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणताना जो ध्वनी काढतो, तो आपल्या ‘प’पेक्षा ‘फ’च्या जवळचा असतो. (ओठ मिटून काढलेला जुना ‘फ’ म्हणतोय, हल्ली पुष्कळजण दातांनी ओठ दाबून काढतात तो नव्हे.)

हा प्रकार मोजता येतो. ओठ उघडले की लगेच स्वरतंतू कंप पावू लागतात की थोड्या वेळाने, एवढंच पाहायचं. मधल्या वेळात नुसती हवा सुटते, तोच तो झोत. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ११ भाषांमधली ही मोजमापं प्रसिद्ध केली, आणि त्यांत मराठीही होती. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’मध्ये हा उशीर साधारण ६० मिलिसेकंदांचा असतो, ‘के’मध्ये ८०च्या आसपास. आधी ‘एस’ आला की तो अगदी थोडा उरतो.

आता गंमत उलट बाजूची. इंग्रजीत शब्दारंभीचा ‘बी’ बरेचदा पुरता घोष नसतो. ओठ उघडेपर्यंत स्वरतंतू गप्पच असतात. मग ‘पिन’ आणि ‘बिन’ यांत फरक कशाने करायचा? मुख्यतः त्या झोताने. म्हणून आपण स्वच्छ मराठी ‘प’ वापरून ‘पिन’ म्हटलं, तर इंग्रजी कानाला ते ‘बिन’ वाटू शकतं. यात जिभेचा किंवा ओठांचा काहीच दोष नाही. कुठला फरक अर्थाचा आणि कुठला दुर्लक्ष करण्याचा, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. अर्थ बदलणाऱ्या अशा ध्वनी-एककाला भाषाशास्त्रात स्वनिम म्हणतात. ब्रिटिश प्रमाण उच्चारात अशी सुमारे ४४ स्वनिमं मोजली जातात, आणि अक्षरं २६. स्पेलिंगवर विसंबून उच्चार शिकणाऱ्याची फजिती इथेच सुरू होते.

व्यंजनांत आणखीही अडचणी आहेत. इंग्रजी ‘टी’साठी जीभ वरच्या दातांमागच्या उंचवट्याला टेकते, आपल्या ‘त’च्या मागे, ‘ट’च्या पुढे. ‘व्ही’ला दात ओठाला लागतात, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात, आपण दोघांचं काम एका ‘व’वर भागवतो. पण माझ्या मते समजण्या-समजावण्यात याहून जास्त घोटाळा आघात, म्हणजे शब्दाच्या एखाद्या भागावर दिलेला जोर, करतो, आणि त्याच्याकडे लक्ष मात्र कमी जातं.

इंग्रजीत शब्दाच्या ज्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर नाही, त्याचा स्वर बहुधा विरतो आणि ‘घर’मधल्या ‘घ’च्या ‘अ’सारखा उरतो. याला श्वा म्हणतात. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘ओ’वर, म्हणून दुसरा विरतो: फोटग्राफ. ‘फोटोग्राफर’मध्ये जोर दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला विरतो: फटॉग्रफर, ब्रिटिश तोंडी तर शेवटचा ‘र’ही गळतो. छोट्या शब्दांची अवस्था याहून वाईट. ‘अँड’चा नुसता ‘न्’ उरतो, ‘ऑफ’चा ‘अव्’, आणि घाईत तर फक्त ‘अ’.