इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांच्या उच्चदाब व्हॉल्व्ह-विवर्धकांची देखभाल

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरात चुंबक नसतो व आवाजाचे वेटोळेही नसते. दोन सच्छिद्र विद्युतग्रांच्या मधोमध पॉलिएस्टरचा अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो, त्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर भार ठेवतात आणि दोन्ही विद्युतग्रांना परस्परविरुद्ध संकेत देऊन पडदा हलवतात. हा संकेतही हजारो व्होल्टचा लागतो. तो मिळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत नेहमीच्या विवर्धकापुढे (ॲम्प्लिफायरपुढे) दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवणारा ट्रान्सफॉर्मर बसवतात. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांनी तयार केलेला व 1957 साली बाजारात आलेला क्वाड ईएसएल हा स्पीकर या पद्धतीचा असून त्याच्यासोबत 1953 सालचा, केटी 66 या व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) जोडीचा क्वाड टू हा विवर्धक वापरण्याचा प्रघात होता. दुसऱ्या रीतीत ट्रान्सफॉर्मर वगळून व्हॉल्व्हच्या प्लेटांवरचा (धन अग्रांवरचा) उच्चदाब थेट विद्युतग्रांना जोडतात. फ्लोरिडात जेम्स स्ट्रिकलँड यांनी 1970च्या दशकात विकसित केलेल्या अकोस्टॅट एक्स या स्पीकराच्या बैठकीतच असा विवर्धक असे. त्यात पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि शेवटची पायरी दूरदर्शन संचातल्या 6एचबी5 या व्हॉल्व्हची होती. चित्रनलिकेचा किरण आडवा फिरवताना येणारे काही हजार व्होल्टचे झटके सोसण्यासाठीच असे व्हॉल्व्ह घडवलेले असल्यामुळे ती निवड साहजिक होती. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

आवाज बिघडला की आधी व्हॉल्व्ह बदलण्याकडे कल असतो, आणि बहुतेक वेळा तो पैसा वाया जातो. या यंत्रांत व्हॉल्व्हच्या आधी म्हातारे होतात ते रेझिस्टर, कपॅसिटर आणि विद्युतरोधक. जुन्या कार्बन-मिश्रणाच्या रेझिस्टरचे मूल्य वर्षानुवर्षे वाढत जाते. प्लेटच्या वाटेतला 220 किलोओहमचा रेझिस्टर 300च्या पुढे गेला, तर व्हॉल्व्ह नवा असूनही दाबाची वाटणी बिघडते. बदली करताना केवळ वॅट पाहून चालत नाही, कारण रेझिस्टरला दाबाचीही मर्यादा असते. साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरची ती सुमारे 250 व्होल्ट असते, म्हणून 1,000 व्होल्टच्या जागी वॅट पुरेसे भरले तरी चार-पाच रेझिस्टर एकापुढे एक जोडावे लागतात किंवा खास उच्चदाबाचा वापरावा लागतो.

सर्वांत आधी साठलेला भार उतरवणे आवश्यक आहे. 40 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 1,000 व्होल्टवर 20 ज्यूल ऊर्जा साठवतो, आणि माणूस दगावायला एवढी ऊर्जा पुरेशी ठरू शकते. भार आपोआप उतरावा म्हणून त्याला समांतर रेझिस्टर दिलेला असतो. तो 470 किलोओहमचा असल्यास दाब जवळजवळ शून्यावर यायला दीड मिनिट लागते, आणि तोच तुटलेला असेल तर यंत्र बंद करून कितीही वेळ थांबले तरी भार धोकादायक पातळीवर राहू शकतो. म्हणून 10 किलोओहम, 10 वॅटचा रेझिस्टर पुरेशा उच्चदाबाच्या रोधक दांडीला बांधून एक हात पाठीमागे ठेवून भार उतरवावा, मीटरने खात्री करावी आणि काम संपेपर्यंत ती जोडणी काढू नये, कारण रिकामा केलेला कपॅसिटरही थोडा दाब परत धरतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची सवय अशा मिश्र मंडलात ट्रान्झिस्टरचाही बळी घेते.

बरीच वर्षे बंद असलेला विवर्धक एकदम चालू करू नये. पुरवठ्याच्या वाटेत एकसर जोडलेल्या दिव्यातून आणि व्हेरिॲकने (दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) दाब हळूहळू वाढवला, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला थर पुन्हा बसू शकतो. मात्र एकदिशकही (रेक्टिफायरही) व्हॉल्व्हचाच असेल तर त्याचा तंतू पुरेसा तापेपर्यंत पुढे काहीच पोहोचत नाही आणि मग दाब एकदम चढतो, हे लक्षात घ्यावे. गळती फार असलेला कपॅसिटर सरळ बदलावा.

पडद्याच्या भाराचा दाब मोजताना नेहमीचा मीटर फसवतो. 5,000 व्होल्टच्या पुरवठ्याला 100 मेगाओहम एकसर असतील, तर 10 मेगाओहमचा मीटर जेमतेम 455 व्होल्ट दाखवतो आणि धडधाकट पुरवठा बिघडल्यासारखा वाटतो. एक गिगाओहमच्या उच्चदाब प्रोबनेही वाचन 4,545 येते, तेवढा हिशेब मनात धरावा लागतो. एकावर एक जोडलेल्या व्हॉल्व्हपैकी वरच्याचा कॅथोड (ऋण अग्र) जिथे उच्चदाबावर तरंगतो, तिथे त्या दाबाला पुरे पडणारा मीटर यंत्र बंद असताना चिमट्यांनी जोडून ठेवावा आणि यंत्र चालू असेपर्यंत त्याला स्पर्श करू नये.

धूळ आणि दमट हवा हे या यंत्रांचे मोठे शत्रू आहेत, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे लवकर पटते. सॉकेटच्या दोन पायांमध्ये बसलेला धुळीचा पापुद्रा ओल धरतो, त्यातून गळती सुरू होते आणि कालांतराने तिथे कोळशाची काळी वाट उमटते. अंधारात लांबून पाहिल्यास निळसर चमक दिसते, बारीक टिक्-टिक् ऐकू येते, ओझोनचा वास येतो. साधी धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते. कोळसा झालेला भाग मात्र पुसून सुधारत नाही, सॉकेटच बदलून सिरॅमिकचे घालावे लागते. डाख (सोल्डर) देताना टोक राहू देऊ नये, गोल थेंबच हवा, कारण टोकापाशी हवा आधी विद्युतवाहक होते.

अमेरिकी यंत्र भारतात वापरताना आणखी एक अडचण येते. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर 230चे 120 व्होल्ट करतो, पण 50 हर्ट्झचे 60 करत नाही. त्यामुळे यंत्रातल्या 60 हर्ट्झसाठी आखलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकीय प्रवाह 20 टक्के वाढतो. 100 व्होल्ट दिल्यास तो पूर्ववत होतो, पण 6.3 व्होल्टचा तंतू 5.25वर येतो आणि व्हॉल्व्ह उपाशी राहतात. 110 व्होल्ट हा मधला मार्ग आहे. त्यात तंतूला सुमारे 5.8 व्होल्ट मिळतात, गाभ्यावरची वाढ 10 टक्क्यांवर थांबते, आणि तासाभराने ट्रान्सफॉर्मर किती तापला हे एकदा पाहून घेता येते.