पूल पडतो तो खालून

2 ऑगस्ट 2016 ची रात्र. महाडजवळ सावित्री दुथडी भरून वाहत होती, वर अंधार आणि मुसळधार पाऊस. मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल त्या रात्री पाण्यात गेला. पुलाजवळच्या एका गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं, की येणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसतात आणि एकाएकी नाहीसे होतात. त्याने धावत जाऊन बाकीच्या गाड्या थांबवल्या. तोवर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि काही लहान वाहनं नदीत गेली होती. सुमारे 40 माणसं गेली. गाड्या शोधायला नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला 300 किलोचं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं. काही मृतदेह तर पार समुद्रकिनारी सापडले.

त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि धोका नसल्याचं सांगितलं गेलं होतं. हे ऐकून कुणालाही संताप येईल, मलाही आला. पण मे महिन्यात नदीपात्रात उभं राहून पुलाकडे पाहिलं तर काय दिसतं, हेही समजून घ्यायला हवं.

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत उभे राहा. लाट मागे ओसरताना टाचेभोवतीची वाळू भराभर सरकते आणि टाच खाली जाते. पुलाच्या खांबाचं पुरात हेच होतं. वेगानं येणारं पाणी खांबावर आदळतं, त्यातला काही भाग खांबाला घासत सरळ खाली तळाकडे जातो आणि तिथे घोड्याच्या नालेसारखा वेढा घालत भोवरा तयार होतो. हा भोवरा तळ उकरत राहतो. इंजिनिअर याला ‘स्कावर’ म्हणतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याला ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन ढोबळ हिशेबानं चौसष्टपट होतं. म्हणून जे पात्र वर्षभर जागचं हलत नाही, ते एका रात्रीत हलतं.

खरी फसवणूक पुढे आहे. पूर ओसरला, वेग मंदावला, की वरून आलेली रेती आणि गाळ त्याच खड्ड्यात बसतो. खड्डा बुजतो. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला खांबाशी सपाट तळ दिसतो, पण तो भरलेला गाळ सैल असतो, पुढच्या पुरात सगळ्यात आधी तोच जातो. दगडी कमानींच्या पुलाला हे फार महागात पडतं. तिथे प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेलून उभी असते. एक खांब खचला तर रेटा तोलायला कुणी उरत नाही आणि शेजारचे गाळेही (दोन खांबांमधले भाग) त्याच्यामागे जातात.

महाडची जागाही अवघड आहे. सावित्री महाबळेश्वरातून उतरते, काळ आणि गांधारी महाडच्या आसपास येऊन मिळतात, आणि खालून बाणकोटच्या खाडीतली भरती वर चढते. घाटात पाऊस कोसळत असताना खाली भरती असेल, तर पाणी तुंबतं. त्यात माणसाने रस्त्यासाठी आणि रेल्वेसाठी भराव घातले. दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावामुळे पाणी अडतं, ही महाडकरांची जुनी तक्रार आहे. तक्रारीमागचं विज्ञान साधं आहे. पूर पूर्वी जिथे ऐसपैस पसरायचा तिथे भराव आला, तर सगळं पाणी पुलाच्या गाळ्यांतून आणि मोऱ्यांतून जायला बघतं. भरावाच्या वरच्या अंगाला पातळी चढते, आणि गाळ्यात वेग वाढून तळाची खोदाईही वाढते. जुलै 2021 मध्ये महाड बुडालं, तेव्हा रस्त्यांची आणि रुळांची ही मांडणी पुन्हा ऐरणीवर आली. पूल किती उंच हवा याची आपल्याकडे चर्चा होते. किती लांब हवा, याचीही तितकीच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रेल्वेची एक पद्धत इथे शिकण्यासारखी आहे. पुलाच्या खांबावर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पाणी खुणेला लागलं की गाडी थांबते, मग प्रवासी कितीही खोळंबोत. त्याच जुलैमध्ये चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलाशी पाणी चढलं आणि कोकण रेल्वेने गाड्या जागच्या जागी रोखून धरल्या.

सावित्रीवरचा नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये खुला झाला. लांबी 239 मीटर, रुंदी 16 मीटर. पुलाचा पाया किती खोल न्यायचा, याचे नियम आपल्याकडे पक्के आहेत. रेताड, गाळाच्या पात्रात लेसी या इंजिनिअरचं सूत्र वापरून पुरात तळ सरासरी किती खोल जाईल ते काढतात, खांबापाशी त्याच्या दुप्पट धरतात आणि पाया त्याहूनही खाली नेतात. नव्या पुलांना हे संरक्षण मिळतं. जुन्या पुलांकडे मात्र पाणी ओसरल्यावर पाहून भागत नाही.

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. खांबालगत तळात खोलवर एक पोकळ दांडा रोवतात आणि त्यावर चुंबक बसवलेलं जड कडं सरकतं ठेवतात. पुरात तळ उकरला गेला की कडं दांड्यावरून खाली घसरतं. नंतर गाळ येऊन खड्डा बुजला तरी कडं वर येत नाही, खालीच गाडलेलं राहतं. मे महिन्यात दांड्याच्या पोकळीतून चुंबक ओळखणारं साधन बांधलेली मोजपट्टी सोडली, की कडं कुठे आहे, म्हणजेच पुरात तळ कुठवर गेला होता, ते कळतं.