सेझिनकोट

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील मुघल धाटणीचे दगडी निवासस्थान. कॉट्सवोल्ड टेकड्यांत, मोर्टन-इन-मार्श या गावाजवळ. १७९५ मध्ये कर्नल जॉन कॉकरेल याने ही मालमत्ता घेतली. १७९८ मध्ये तो वारल्यावर ती त्याचा भाऊ चार्ल्स याच्याकडे आली. चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील नोकरीत होता. आराखडा तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याचा. बांधकामाचा आरंभ सर्वसाधारणपणे १८०५ च्या सुमारास धरतात. समाप्तीविषयी एकमत नाही.

भारतीय तपशील कोणाचे, हा जुना वाद आहे. सॅम्युअल भारतात आलेला नव्हता, त्यामुळे काही अभ्यासक सारे श्रेय भारतातील दृश्ये रंगवणारा चित्रकार टॉमस डॅनिएल याला देतात. मात्र बागेतील बांधकामांविषयी डॅनिएलने चार्ल्सला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत, तसा थेट पुरावा घराबाबत नाही. घर सॅम्युअलचे, त्यासाठी आधार डॅनिएलच्या चित्रांचा आणि बाग मुख्यतः डॅनिएलची, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते.

माथ्यावर तांब्याचा कांदाकृती घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या (खांबांवरील छोटे घुमटी मंडप), भोवती दगडी ब्रॅकेटांवर तोललेला रुंद छज्जा. नैर्ऋत्येकडून वक्राकार काचगृह निघते. त्याच्या खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या कमानी आहेत. आतील दालने मात्र ग्रीक-रोमन वळणाची. अपवाद तंबूच्या आकाराच्या शयनगृहाचा. त्याचे छत लाकडी भाल्यांवर ताणल्यासारखे दिसते.

दगड चुनखडीचा, मत्स्यांडाश्म (माशाच्या अंड्यांसारख्या बारीक गोल कणांच्या) जातीचा. त्याची नारिंगी छटा मुद्दाम रंग देऊन आणली असावी, असे मानतात. हा दगड दाब सोसतो, वाकण सोसत नाही. म्हणून छज्ज्याच्या शिळेचे मागील टोक भिंतीत खोलवर जाऊन वरच्या कठड्याच्या वजनाखाली दाबलेले असावे लागते. उन्हाळ्याच्या देशात सावलीसाठी घडलेला हा भाग इंग्लंडच्या हवेत शेवाळ आणि ओल धरतो. मुरलेले पाणी गोठले की दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरल्यास ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कडा झडतात. दुरुस्तीला चुन्याचाच मसाला वापरावा लागतो. तांब्यावरून ओघळणाऱ्या पाण्याचे हिरवे डाग हाही अशा इमारतींचा नेहमीचा दोष.

ओढ्यावरील पुलाचे ठेंगणे, उशीसारख्या शीर्षाचे खांब घारापुरीच्या लेण्यांतील स्तंभांवर बेतलेले मानतात. डॅनिएल १७९३ मध्ये मुंबईत होता, त्यामुळे ही व्युत्पत्ती पटण्याजोगी आहे. खांबांमधून पाण्यातल्या पायदगडांवरून जाता येते. कठड्यांवर नंदी आहेत. वरच्या तळ्याकाठी सूर्यमंदिर असून मूर्ती कोड स्टोन या भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाची आहे.

१८०७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे चौथा जॉर्ज) येथे आला. ब्रायटन येथील त्याच्या राजवाड्याला येथूनच प्रेरणा मिळाली असे सर्रास सांगतात; परंतु तेथील भारतीय धाटणीच्या तबेल्यांचे काम १८०३ मध्येच सुरू झाले होते. १९४४ मध्ये क्लाइनवोर्ट कुटुंबाने घर विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. दक्षिणेकडील चारबाग (चार भागांची मुघल धाटणीची बाग) मूळची नसून १९६० च्या दशकातील आहे.