विंडोजबाहेरची उड्डाणं : जड फ्लाइट सिम्युलेटर पोर्ट करण्यामागचा इतिहास

मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्या सिम्युलेटरप्रेमींचा एक प्रश्न वर्षानुवर्षं तसाच आहे : कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा अनुभव देणारं इतकं जड सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर चालेल असं बदलून आणण्याचा, म्हणजे पोर्ट करण्याचा, खटाटोप कंपन्यांना परवडतो का? त्यावर ‘तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही’ असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते मला पटत नाही. गेल्या चार दशकांत जमण्या-न जमण्यापेक्षा हिशोब जुळण्या-न जुळण्यावरच जास्त ठरत आलं आहे.

या प्रकाराचा जन्म झाला तेव्हा विंडोज नव्हतीच. ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात कॉम्प्युटरने रेखाटलेल्या उड्डाणदृश्यांवर प्रबंध लिहिला. पुढे त्यांच्या सबलॉजिक कंपनीने ॲपल-२ साठी सिम्युलेटर काढला, आणि मायक्रोसॉफ्टने हक्क घेऊन १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठीची आवृत्ती आणली. ती आवृत्ती डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधाराने चालत नसे. फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं की थेट सिम्युलेटरच उघडायचा. ऑपरेटिंग सिस्टीमला वळसा घालून तो हार्डवेअरशी परस्पर बोलायचा. म्हणूनच एखादा पीसी खरोखर आयबीएमशी जुळणारा आहे का, हे बघायला लोक त्यावर लोटस १-२-३ हा आकडेमोडीच्या तक्त्यांचा प्रोग्राम आणि फ्लाइट सिम्युलेटर चालवून पाहत. असा यंत्राला चिकटलेला कोड दुसरीकडे नेणं म्हणजे जवळजवळ पुन्हा लिहिणंच. तरीही तो कमोडोर ६४, अटारी, अमिगावर गेला, १९८६ मध्ये मॅकिंटॉशवरही आला. बाजार विखुरलेला होता, एकाच मशीनवर धंदा भागत नव्हता. तेव्हा मेहनत घेणं परवडलं.

नव्वदच्या दशकात हे गणित उलटलं. चौथी आवृत्ती मॅकवर आली होती, १९९३ ची पाचवी आलीच नाही. १९९५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने आर्टविक यांची कंपनीच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी विंडोज ९५ साठीची आवृत्ती निघाली. विंडोज विकणारी कंपनी आपला सर्वांत देखणा कार्यक्रम स्पर्धकाच्या मशीनवर कशाला नेईल? मॅकवर गुणवत्तेचा दुष्काळ होता असंही नाही. एफ/ए-१८ हॉर्नेट आणि ए-१० अटॅक हे दोन्ही लढाऊ सिम्युलेटर मुळात मॅकवरच जन्मले होते.

खरा धडा आहे तो एक्स-प्लेन या सिम्युलेटरचा. ऑस्टिन मेयर यांनी तो मॅकवर लिहायला घेतला. त्याची पद्धत अशी : पंखाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती ते मोजायचं, त्यांची बेरीज करून विमान हलवायचं, आणि हे सगळं सेकंदाला कित्येकदा. ही आकडेमोड कोणत्याही प्रोसेसरवर सारखीच होते. चित्रं रेखाटायला ओपनजीएल ही तिन्ही सिस्टीमवर चालणारी ग्राफिक्स-प्रणाली असल्यामुळे तोच कोड विंडोज आणि लिनक्सवरही नेता आला. म्हणजे नंतर बसवलेला पोर्ट हा नव्हताच. १९९६ मध्ये प्रस्ताव मांडला गेलेला फ्लाइटगिअर हा मुक्तस्रोत सिम्युलेटरही याच वाटेने गेला. त्याच्या सुरुवातीच्या उड्डाण-गणिताला नासाच्या लँगली केंद्रातल्या लार्कसिम या उड्डाण-प्रोग्रामचा आधार होता.

पण बहुमंचीय, म्हणजे अनेक सिस्टीमवर चालणारं, राहण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती ॲपलने वारंवार वसूल केली आहे. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले, २०१८ मध्ये ओपनजीएल ‘कालबाह्य’ ठरवलं गेलं, २०१९ मध्ये ३२-बिट प्रोग्राम बंद झाले, २०२० मध्ये ॲपलची स्वतःची चिप आली. एक्स-प्लेनला आपली चित्रण-यंत्रणा मुळापासून बदलावी लागली. विंडोज-लिनक्सवर व्हल्कन, मॅकवर मेटल, या नव्या ग्राफिक्स-प्रणाली. हे काम २०२० मध्ये ११.५० या आवृत्तीत पूर्ण झालं. याचा फायदा मात्र विंडोजवाल्यांनाही मिळाला. ओपनजीएलमध्ये शेडर, म्हणजे चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम, कधी कंपाइल करायचा (चिपला कळेल अशा रूपात आणायचा) हे ड्रायव्हर ठरवायचा आणि ऐन लँडिंगला चित्र अडखळायचं. आता ती सूत्रं सिम्युलेटरच्या हाती आली.

अडचण उरते ती ॲड-ऑनची, म्हणजे इतरांनी बनवलेल्या जोड-विमानांसारख्या गोष्टींची, आणि मला हीच सगळ्यात मोठी वाटते. एक्स-प्लेनचा प्लगइन (सिम्युलेटरला जोडायचा कोड) तिन्ही सिस्टीमसाठी वेगवेगळा बांधावा लागतो. मॅकवर तर एखाद्या आवडत्या विमानाचा प्लगइन फक्त इंटेलसाठी बांधलेला असेल, तर त्या एकापायी अख्खा सिम्युलेटर रोझेटा या इंटेलचा कोड ॲपलच्या चिपवर चालवणाऱ्या दुभाष्यामधून चालवावा लागतो. एकट्याने विमानं बनवणाऱ्याकडे तिन्ही मशीन असतीलच असं नाही. मूळ कंपनीने पोर्ट केला तरी ही मंडळी मागे राहिली, तर ग्राहकाच्या हाती रिकामा हँगर पडतो.

या गाठीवर उपाय सापडला तो चक्क मायक्रोसॉफ्टकडे. २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर बनवताना एक्सबॉक्स या गेम-कन्सोलवरही जायचं होतं. तिथे कुणाचीही डीएलएल (विंडोजची कोड-फाइल) चालवू देणं शक्य नव्हतं. म्हणून ॲड-ऑनचा कोड वेबअसेम्ब्ली या कोणत्याही मशीनवर चालू शकणाऱ्या कोड-स्वरूपात आणि कॉकपिटचे पडदे एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये घेतले गेले. २०२१ मध्ये तो कन्सोलवर आला. ॲड-ऑनचा निदान हा थर तरी आता विंडोजला बांधलेला नाही. मॅकवर तो का येत नाही याचं उत्तर म्हणूनच तंत्रात कमी आणि धोरणात जास्त शोधावं लागतं.

लिनक्सवर तर प्रश्नाचं रूपच पालटलं आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या १९९३ पासून चाललेल्या कामावर गेम-कंपनी व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन उभा केला, डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-प्रणालीच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणाऱ्या डीएक्सव्हीकेची त्याला जोड मिळाली. फक्त विंडोजसाठी निघणारा डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ सिम्युलेटरसुद्धा लोक आज अशा मार्गाने लिनक्सवर उडवतात. अधिकृत पाठिंबा नसल्याने एखाद्या अपडेटनंतर सगळं बंद पडण्याची टांगती तलवार असते, पण उडतात. डोकं वळवलं की कॉकपिटमधली नजर वळावी यासाठी विंडोजकडे ट्रॅकआयआर आहे, लिनक्सवर ते काम मुक्तस्रोत ओपनट्रॅक करतो.

त्यामुळे आज एखाद्या छोट्या कंपनीने विचारलं, तर विंडोजला जखडलेला जुना सिम्युलेटर सोलून मॅक-लिनक्सवर नेण्यात वर्षं घालवू नका, असंच मी सांगेन. तो प्रोटॉनवर तपासा, बिघडलं तर दुरुस्त करा, आणि तेवढं जाहीरपणे कबूल करा. नवा लिहिणार असाल तर मात्र पहिल्या दिवसापासून किमान दोन सिस्टीमवर बांधा आणि ॲड-ऑन बनवणाऱ्यांना एकदाच लिहून सगळीकडे चालेल असं साधन आधी द्या.